तीनवार पुकारलेली जमीन आणि न पुकारलेला कोळसा

१७९७ साली बंगालमधील बर्दवान येथे एक मोठा जाहीर लिलाव झाला. विक्रीस निघाले होते बर्दवानच्या राजाचे अनेक ‘महाल’, म्हणजे महसुलासाठी एकत्र बांधलेले गावांचे गट. राजाकडे कंपनी सरकारची मोठी बाकी थकली होती. खरेदीदार पुष्कळ जमले, बोल्या चढत गेल्या आणि सर्वांत मोठी बोली बोलणाऱ्यांच्या नावे महाल झाले. पुढे कलेक्टरच्या ध्यानात आले, की यांतील बरेचसे खरेदीदार राजाचेच नोकर आणि गुमास्ते आहेत. त्या लिलावातील ९५ टक्क्यांहून अधिक विक्री निव्वळ बनावट होती.

हा प्रसंग इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत येतो आणि बहुतेकांच्या स्मरणात राहतो तो राजाच्या चलाखीमुळे. मात्र त्या दिवशी नेमके काय विकले गेले, हा प्रश्न क्वचितच कोणी विचारतो. शेते विकली गेली, हे उत्तर अर्धेच आहे. त्याच बर्दवान जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, राणीगंजच्या परिसरात, भाताच्या खाचरांखाली कोळशाचे थर पसरलेले होते. बंगालमधील जमीन लिलावात ‘एकवार, दोनवार, तीनवार’ पुकारली गेली, तेव्हा त्या थरांचे नाव कोणी घेतले नाही. पुढची सव्वाशे वर्षे न्यायालयांत जो झगडा चालला, तो या न घेतलेल्या नावाचा.

मुळात हे लिलाव होत का होते, ते आधी पाहायला हवे.

२२ मार्च १७९३ रोजी लॉर्ड कॉर्नवॉलिसने बंगालमध्ये कायमधारा पद्धत जाहीर केली. जमीनदाराने सरकारला द्यायचा सारा कायमचा ठरला. ढोबळमानाने रयतेकडून येणाऱ्या खंडाच्या अकरा हिश्श्यांपैकी दहा सरकारचे आणि एक जमीनदाराचा, असा तो हिशेब होता. त्याच्या बदल्यात जमीनदाराला जमिनीचा ‘मालक’ म्हणून मान्यता मिळाली. अट एकच, पण जीवघेणी. ठरलेल्या दिवशी सूर्य मावळण्याआधी रक्कम भरली नाही, तर जमीनदारी लिलावात निघे. दुष्काळ, पूर, रयतेने थकवलेला खंड, यांतली कोणतीही सबब चालत नसे. लोकांनी या नियमाला ‘सूर्यास्त कायदा’ असेच नाव दिले. कायमधाऱ्यानंतर तीन चतुर्थांशांहून अधिक जमीनदाऱ्यांचे मालक बदलले, यावरून त्या सूर्यास्ताचा दरारा कळतो.

आता कचेरीत पुकारली जाणारी ती ‘वस्तू’ जवळून पाहावी. प्रत्येक जमीनदारीला महसूल-दप्तरात एक तौजी क्रमांक असे आणि त्यापुढे ‘सदर जमा’, म्हणजे सरकारात दरवर्षी भरायची रक्कम. बोली लागे ती या नोंदीवर. कायमधारा ठरवताना जमिनीची मोजणी झालेलीच नव्हती. शेत किती, पडीक किती, जंगल किती, याचा विश्वासार्ह तपशील नव्हता. जिथे लांबी-रुंदीच माहीत नाही, तिथे खोलीचा विचार कोण करणार? खरेदीदाराला मिळे ती दप्तरातील एक ओळ. त्या ओळीबरोबर खंड वसूल करण्याचा हक्क येई आणि सारा भरण्याची जबाबदारीही. शिवाय ‘मालक’ हा शब्द येई, ज्याचा अर्थ किती खोलवर जातो हे कोणीच सांगितले नव्हते.

कंपनीला जमिनीखाली कोळसा आहे हे ठाऊक नव्हते, असे म्हणण्याची मात्र सोय नाही. कायमधाऱ्याच्या १९ वर्षे आधी, १७७४ मध्ये, वॉरन हेस्टिंग्जच्या कारकिर्दीत सुएटोनियस ग्रँट हीटली आणि जॉन सम्नर या कंपनीच्या दोन माणसांनी बीरभूम आणि पंचेत या भागांत कोळसा काढण्याची परवानगी मिळवली होती. कोळसा निघाला, कलकत्त्यास गेला, तपासणीत इंग्लंडहून येणाऱ्या कोळशापेक्षा हलका ठरला आणि उद्योग बारगळला. या प्रकरणातली खरी गंमत वेगळी आहे. १७७४ मध्ये कंपनी भूगर्भातील कोळशाची परवानगी स्वतः देत होती, जणू तो तिचाच होता. १७९३ मध्ये जमीनदारांना मालकी देताना तिने खनिजे स्वतःकडे राखून ठेवल्याचा एक शब्दही लिहिला नाही. इंग्लंडात सोने-चांदीच्या खाणी राजाच्या आणि उरलेली खनिजे जमीनमालकाची, ही समजूत जुनी होती. ती न बोलता बंगालच्या कायद्यात शिरली. पुढे कायमधाऱ्याच्या मुलखातील खनिजांवर सरकारनेही हक्क सांगितला नाही.

ज्या पंचेतमध्ये हीटलीचे खणकाम झाले, ती जमीनदारीही १७९० च्या दशकाच्या उत्तरार्धात थकबाकीपोटी लिलावात विकली गेली. मानभूमच्या जंगलपट्ट्यातील हे जुने राजघराणे. राजाशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या सेवेने बांधलेले लोक कागदावरच्या खरेदीदाराला धनी मानायला तयार झाले नाहीत. परगण्यात असंतोष उसळला, जंगलमहालात त्या काळी चुआड उठावाची धग होतीच, आणि अखेर सरकारला ती विक्री रद्द करून जमीनदारी राजाला परत द्यावी लागली. लिलाव उलटवला जाण्याचे असे प्रसंग थोडे. राजाच्या बाजूने उभ्या राहिलेल्या त्या लोकांना तेव्हा कल्पना असणे शक्यच नव्हते, की ते आपल्या धन्यासाठी जंगल आणि शेते यांखेरीज आणखी काही राखत आहेत. पंचेतचे नाव पुढे पुन्हा येईल.

कोळशाला मोल आले ते वाफेमुळे. विल्यम जोन्स नावाच्या इंग्रजाने १९व्या शतकाच्या दुसऱ्या दशकात राणीगंजला पुन्हा खणायला सुरुवात केली. त्याच्या मृत्यूनंतर खाण कलकत्त्याच्या अलेक्झांडर अँड कंपनीकडे गेली, आणि १८३२ मध्ये त्या पेढीचेही दिवाळे निघाले. तिच्या मालमत्तेच्या विक्रीत, १८३६ साली, राणीगंजची खाण ७०,००० रुपयांना घेतली ती द्वारकानाथ टागोरांनी. रवींद्रनाथांचे हे आजोबा जमीनदारीच्या कायद्यात आणि खरेदी-विक्रीत मुरलेले होते. जमीन आणि खाण या दोन वेगळ्या मालमत्ता होऊ शकतात, हे ओळखणारे ते आरंभीच्या भारतीयांपैकी एक. १८४३ मध्ये त्यांची कार, टागोर अँड कंपनी आणि एक प्रतिस्पर्धी पेढी यांच्या खाणी एकत्र होऊन ‘बेंगॉल कोल कंपनी’ उभी राहिली. कोळसा तेव्हा दामोदर नदीतून नावांनी जाई, तोही पावसाळ्यात नदीला पाणी असेल तेवढे दिवस. १८५५ मध्ये हावडा ते राणीगंज रेल्वे सुरू झाली आणि हिशेबच पालटला.

लिलावाचा कायदा मात्र जुनाच होता, आणि त्यातच खाणवाल्यांची धास्ती दडलेली होती. थकबाकीच्या लिलावात संपूर्ण जमीनदारी घेणाऱ्याला ती स्वच्छ मिळावी, म्हणजे आधीच्या जमीनदाराने मधल्या काळात करून दिलेले पट्टे आणि करार त्याला मोडता यावेत, असे तत्त्व होते. सरकारी सारा सुरक्षित राहावा, हा त्यामागचा हेतू. पण एखाद्या कंपनीने जमीनदाराकडून पट्टा घेऊन खाण खणली, विहिरीसारखा कूप पाडला, इंजिने बसवली आणि त्याच साली जमीनदाराने हप्ता चुकवला, तर? नवा खरेदीदार येऊन पट्टा मोडणार. म्हणून १८४१ च्या आणि पुढे १८५९ च्या विक्री-कायद्यात अपवादांची यादी घातली गेली. ज्या जमिनीवर राहती घरे, कारखाने, बागा, तलाव, विहिरी, देवळे, स्मशाने आहेत आणि जिच्यात खाणी पाडल्या आहेत, तिचे पट्टे लिलावानंतरही टिकतील, असे ठरले. देऊळ, स्मशान आणि कोळशाची खाण एकाच वाक्यात बसवणारा हा कायदा त्या काळाच्या पोटातले बरेच काही सांगून जातो.

कंपन्यांनी यातून आणखी एक धडा घेतला. नुसता खाणपट्टा घेण्याऐवजी वरच्या जमिनीचेच जमीनदारी किंवा पत्तनी हक्क विकत घ्यायचे. पत्तनी हा बर्दवानच्या राजाने रूढ केलेला प्रकार. जमीनदारीचा तुकडा कायमच्या ठरीव खंडाने पुढे द्यायचा, आणि पत्तनीदाराने खंड चुकवला की त्याच्याही हक्काचा लिलाव. १८१९ च्या एका नियमाने त्याला कायदेशीर रूप मिळाले. कोळसा कंपनी गावाची धनी झाली, की तिला दोन गोष्टी एकदम साधत. खालच्या कोळशाला कोणी हात लावू शकत नसे. आणि वरची शेते कसणाऱ्या संथाळ, बाउरी कुटुंबांना ‘खाणीत काम कराल तर शेत’ या अटीवर बसवता येई. म्हणजे शेतजमीन खाणीची मजुरी झाली. लिलावाच्या कागदात ज्याचा उल्लेख नव्हता, त्या कोळशाने वरच्या शेताचा अर्थ असा बदलून टाकला.

आता या कथेचा गाभा. जमीनदार आणि नांगर धरणारा यांच्या मध्ये बंगाल-बिहारात हक्कदारांच्या अनेक पायऱ्या होत्या. कोणाला ठरीव खंडाची वंशपरंपरागत ‘मुकररी’, कोणाला देवासाठी ‘देवोत्तर’, कोणाला ‘ब्रह्मोत्तर’, कोणाला वाटा-घाटांची राखण करण्याबद्दल ‘दिगवारी’. त्यांच्या पूर्वजांना जमीन मिळाली तेव्हा कोळशाचा प्रश्नच नव्हता. जमीन त्यांची, वारसाने जाणारी, विकताही येणारी. मग १९व्या शतकाच्या अखेरीस रेल्वे झरियाच्या कोळशापर्यंत पोहोचली, कंपन्यांचे दलाल गावोगाव हिंडू लागले, आणि या मधल्या हक्कदारांनीही पट्टे द्यायला सुरुवात केली. जमीनदारांनी दावे लावले: शेत तुमचे असेल, कोळसा आमचा.

हे दावे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले आणि एकामागून एक सारे जमीनदारांच्या बाजूने सुटले. १९१० मध्ये, हरिनारायण सिंह देव विरुद्ध श्रीराम चक्रवर्ती या खटल्यात ठरले, की गाव जमीनदारीचा भाग असल्याचे सिद्ध झाले म्हणजे भूगर्भातील हक्क जमीनदाराचेच मानायचे. त्याने ते दिल्याचा पुरावा दुसऱ्या पक्षाने आणायचा. १९१२ मध्ये झरियाचा राजा दुर्गाप्रसाद सिंह जिंकला. गावची राखण करणाऱ्या दिगवाराने दिलेला कोळशाचा पट्टा निष्फळ ठरला. आणि १९१६ मध्ये पंचेतचा राजा ज्योतिप्रसाद सिंह देव याच्या खटल्यात तत्त्व पूर्ण झाले: हक्क कायमचा असो, वारसाने जाणारा असो, विकता येणारा असो, खनिजे दिल्याचे स्पष्ट दाखवल्याशिवाय खनिजे त्यात धरली जाणार नाहीत. ज्या पंचेतची विक्री लोकांनी उलटवली होती, त्याच घराण्याला भूगर्भ मिळाला. आणि हरले ते त्याच परगण्यांतील लहान हक्कदार.

पुढच्याच वर्षीचा, १९१७ चा, गिरिधारी सिंह विरुद्ध मेघलाल पांडे हा खटला तर एका शब्दप्रयोगावर उभा होता. मुकररी पट्ट्यात लिहिले होते: ‘मय हक-हकूक’, म्हणजे सर्व हक्कांसह. पट्टेदाराचे म्हणणे सरळ होते: सर्व हक्क म्हणजे सर्व हक्क, कोळसासुद्धा. प्रिव्ही कौन्सिलने ते मानले नाही. जे दिले आहे त्याच्याशी जोडलेले सर्व हक्क, एवढाच त्या शब्दांचा अर्थ. त्यांनी मूळ देणगीचा विस्तार वाढत नाही. सर्व म्हटल्याने काहीच सांगितल्यासारखे होत नाही, असा हा निकाल. कायद्याच्या दृष्टीने तो तर्कशुद्ध असेल. पण पुराव्याचे ओझे ज्याच्याकडे दप्तर नाही त्याच्याच खांद्यावर त्याने टाकले, हेही तितकेच खरे.

मराठी वाचकाला इथे पेशवाईतील इनामपत्रे आठवावीत. आपल्याकडच्या सनदांत गाव ‘दरोबस्त’ देताना ‘जल, तरु, तृण, काष्ठ, पाषाण, निधि, निक्षेप सहित’ अशी मोजदाद येते: पाणी, झाडे, गवत, लाकूड, दगड, पुरलेले धन, ठेवलेले धन. त्यालाच लागून ‘खेरीज हक्कदार व इनामदार’ हे शब्द, म्हणजे ज्यांचे आधीपासूनचे हक्क आहेत ते वगळून. ही मोजदाद साचेबंद होती, कारकून ती सवयीने लिहीत असतील. तरीही तिच्यामागे एक जाण दिसते: गाव देताना पृष्ठभागाच्या वर काय आणि खाली काय, हे नावानिशी सांगायचे असते. ‘मय हक-हकूक’मध्ये नेमकी हीच उणीव निघाली.

मुंबई इलाख्यात इंग्रजांनी वेगळी वाट धरली. इथे जमीनदार मधे नव्हता. रयतवारीत सरकार आणि शेतकरी समोरासमोर होते, शेताची मोजणी होऊन प्रतवारीप्रमाणे आकार बसत होता. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याच्या ६९व्या कलमाने, इनाम न दिलेल्या सर्व जमिनीतील खाणी आणि खनिजे सरकारने स्वतःकडे राखल्याचे स्पष्ट लिहिले; ज्या कब्जेदाराचा आधीपासून काही हक्क असेल तेवढा वगळला. त्यामुळे साऱ्याच्या थकबाकीसाठी नगर किंवा साताऱ्यातील शेताचा लिलाव झाला, तरी खनिजांबाबत बंगालसारखी संदिग्धता राहिली नाही. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या ४८व्या कलमाने तीच परंपरा पुढे नेली. आज सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आपल्या वावरातील दगड किंवा मुरूम विकायला निघाला, की त्याला तहसील कचेरीत स्वामित्वधन भरावे लागते, त्याचे मूळ इथे आहे. मध्य प्रांतातही सरकारचाच वरचष्मा होता. वरोऱ्याची कोळसाखाण १८७० च्या दशकापासून सरकार स्वतः चालवत होते. मुंबईच्या शेतकऱ्याला यात कोळसा मिळाला असे नव्हे. त्याला निदान काय मिळाले नाही हे कळले.

दक्षिणेतील मलबार हे तिसरे टोक. तिथल्या जन्मी जमिनींबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये थ्रेसियाम्मा जेकब खटल्यात निकाल दिला, की भूगर्भाची मालकी सामान्यतः जमिनीच्या मालकीमागून जाते आणि कायद्याने ती काढून घेतलेली नसेल तर खनिजे मालकाचीच. एकाच देशात, एकाच ब्रिटिश अमलाखाली, पायाखालच्या जमिनीबद्दल अशी तीन उत्तरे तयार झाली होती.

पुन्हा झरियाकडे वळायला हवे, कारण या खटल्यांचा परिणाम तिथे उघड्या डोळ्यांनी दिसतो. भूगर्भ निर्विवादपणे जमीनदाराचा ठरल्यावर त्याचे हित सरळ झाले. पट्टा देताना एकरकमी ‘सलामी’ घ्यायची आणि मग टनामागे स्वामित्वधन. कोळसाक्षेत्राचे लहान लहान पट्टे पडले. प्रत्येक पट्टेदार आपल्या चौकोनातला सोपा, वरचा आणि उत्तम कोळसा आधी उपसून मोकळा होई. आधाराचे खांब पातळ राहिले, रिकाम्या पोकळ्या वाळूने भरण्याचा खर्च कोणी करीना. वरची शेते खचू लागली. झरियाच्या भूमिगत आगीची पहिली नोंद १९१६ ची सांगतात. पंचेतच्या राजाचा निकाल त्याच वर्षीचा. एकाने दुसरे घडले असा अर्थ यातून काढू नये. पण ज्यांना कोळशावर हक्क नाही असे लंडनमध्ये ठरत होते, त्यांच्याच भागातील जमिनीला खालून आग लागली होती, ही वस्तुस्थिती आहे.

स्वातंत्र्यानंतर १९५० च्या बिहार भूमिसुधारणा कायद्याने आणि १९५३ च्या पश्चिम बंगालच्या कायद्याने जमीनदाऱ्या संपल्या. भूगर्भासह जमीनदारांचे हक्क राज्याकडे गेले, चालू खाणपट्टे मात्र राज्याने दिल्यासारखे पुढे चालू राहिले. १९७१ ते १९७३ या काळात कोळसाखाणी सरकारने ताब्यात घेतल्या. तौजी क्रमांकांच्या वह्या अभिलेखागारांत गेल्या.

झरियातील आग अजून विझलेली नाही. आगीच्या आणि खचत्या जमिनीच्या पट्ट्यातील लोकांना हलवण्यासाठी २००९ मध्ये केंद्र सरकारने झरियाचा ‘मास्टर प्लॅन’ मंजूर केला, बेलगढिया येथे वसाहत बांधली. त्या योजनेत कुटुंबांचे दोन वर्ग आहेत: जमिनीवर कायदेशीर हक्काचा कागद असलेली आणि तो नसलेली. दुसऱ्या वर्गातील कुटुंबे कितीतरी अधिक आहेत.